वर्ल्ड पॉप्युलेशन प्रॉस्पेक्ट्स: मुलं कमी होतायत तरी माणसं का वाढतायत, ते इथे कळलं

५ पैकी ५ स्टार.

संयुक्त राष्ट्रांचा हा लोकसंख्येचा डेटा एकदम फुकट आहे, १९५० ते २१०० असे आकडे आहेत आणि २३७ देश-प्रदेशांचे आहेत. मी २०२४ची आवृत्ती वापरलीय.

मी आले होते एकाच प्रश्नासाठी. एकीकडे सगळे म्हणतात जगात मुलं कमी जन्माला येतायत आणि दुसरीकडे २०२२च्या नोव्हेंबरमध्ये आपण ८०० कोटी झालो, मग नक्की खरं काय? तर दोन्ही खरं आहे. एका बाईला सरासरी किती मुलं होतात हा आकडा १९६०च्या दशकात ५ च्या आसपास होता, आता साधारण २.३ आहे. वाढीचा वेगही २ टक्क्यांच्या वरून १ टक्क्याच्या खाली आलाय. पण जरा गुणाकार करा, तेव्हाच्या ३२० कोटींचे २.२ टक्के आणि आताच्या ८२० कोटींचे ०.८५ टक्के, दोन्हीचं उत्तर वर्षाला ७ कोटीच येतं! मी दोनदा करून बघितलं, कारण पटतच नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो वयोगटांच्या आलेखांवर. एक आजी धरा, तिला ६ मुलं, त्यातल्या ३ मुली. त्या तिघींनी दोन-दोनवर थांबायचं ठरवलं तरी पुन्हा ६च बाळं जन्माला आली ना, आई एकाच्या जागी तीन झाल्या म्हणून. आणि आजी अजून आहे, कारण सरासरी आयुर्मान आता ७३ वर्षांवर गेलंय. म्हणून आज वर्षाला १३ कोटींच्या आसपास जन्म आणि ६ कोटींच्या आसपास मृत्यू. याला मोमेंटम म्हणतात आणि त्या नावाचा वेगळा अंदाजच इथे दिलाय, जन्मदर आजच्या आज बदलीच्या पातळीवर, म्हणजे आई-बापांची जागा भरण्यापुरत्या एका बाईमागे साधारण २.१ मुलांवर, आणला तर काय होईल ते दाखवणारा, आणि त्यातही जग बराच काळ वाढतच राहतं. २०५४पर्यंत जी वाढ होईल तिच्यातली ७९ टक्के वाढ या आधीच जन्मलेल्या तरुण पिढीमुळे असेल असं त्यांच्या अहवालात आहे.

देश बदलून बघा म्हणजे अजून पटेल. दक्षिण कोरियात जन्मदर १९८०च्या दशकातच २.१ च्या खाली गेला पण लोकसंख्या घटायला लागली २०२०नंतर. चीनमध्ये १९९०च्या दशकात खाली आणि घट २०२२पासून. म्हणजे तीस-चाळीस वर्षं मधे जातात! हे माहीत नसल्यामुळे लोक उगाच घाबरतात, काही गर्दीला आणि काही ओस पडण्याला, आणि बायकांनी किती मुलं जन्माला घालावीत यावर वाट्टेल ते बोलतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

एक सांगते, २०८०च्या दशकात १०३० कोटी हा आकडा सगळीकडे फिरतो तो फक्त मध्यम अंदाज आहे. शेजारीच जास्त आणि कमीचे पर्याय आहेत, दर बाईमागे अर्धं मूल जास्त किंवा अर्धं कमी धरलेले, आणि २१००पर्यंत त्या दोन रेषांमध्ये कित्येक अब्जांचं अंतर पडतं. ते बघितल्याशिवाय आकडा कुणाला फॉरवर्ड करू नका.

एक्सेलच्या फायली भल्यामोठ्या आहेत, कॉम्प्युटरवरच उघडा. आणि आधी मोमेंटमवाली बघा, बाकीच्या नंतर.