पदवीनंतर मिळेल ती नोकरी, थोडं थांबणं की थेट मास्टर्स? तिन्ही शेजारी ठेवून बघूया

डिग्रीचा निकाल लागला की सल्ले सुरू होतात आणि ते साधारण तीनच प्रकारचे असतात. एक म्हणजे "जे मिळतंय ते घे, घरी बसू नकोस", दुसरा "घाई करू नकोस, फिल्डमधलीच नोकरी बघ" आणि तिसरा "आत्ता मार्केट खराब आहे, मास्टर्स करून टाक". तिन्ही सल्ले देणारी माणसं आपल्या भल्याचंच बोलत असतात, पण कुठल्या पर्यायाचं पाच-दहा वर्षांनी काय होतं हे फारसं कुणी सांगत नाही, आणि यावर बऱ्यापैकी अभ्यास झालेले आहेत म्हणून हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तपासता येईल. पहिली नोकरी किती लवकर लागली यापेक्षा त्या कामाला तुमची डिग्री खरंच लागते का, याने पुढे जास्त फरक पडतो.

आधी "मिळेल ती" वाला पर्याय बघू, कारण सगळ्यात जास्त मुलं तिकडेच जातात आणि त्यात चूक काही नाही, पैसे सुरू होतात, दिवसाला शिस्त लागते, ऑफिसात कसं वागायचं बोलायचं ते कळतं. प्रॉब्लेम पुढे येतो. अमेरिकेत बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट आणि स्ट्राडा एज्युकेशन फाउंडेशन यांनी 2024 मध्ये लाखो पदवीधरांचं करिअर तपासलं, तर पदवीनंतर एका वर्षाने 52 टक्के जण अशा नोकरीत होते जिला डिग्रीची गरजच नव्हती. हे एकवेळ समजू शकतो, सुरुवात आहे. पण जे पहिल्या वर्षी अशा नोकरीत होते त्यातले 73 टक्के दहा वर्षांनीही तशाच नोकरीत सापडले, आणि ज्यांची सुरुवात डिग्रीच्या लेव्हलच्या कामातून झाली त्यातले 79 टक्के पाच वर्षांनी त्याच लेव्हलला टिकून होते. म्हणजे "आत्ता घेतो, वर्षभरात बदलतो" हे आपण सगळेच म्हणतो पण बहुतेकांचं ते वर्ष संपतच नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खालच्या लेव्हलला अडकलेले सगळे त्या नोकरीमुळेच अडकले असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही, काहींचा विषयच असा असतो की मागणी कमी, काहींना घर सोडून लांब जाता येत नाही. शिवाय व्याख्येप्रमाणे आकडा हलतो. न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक 22 ते 27 वयाच्या पदवीधरांचा हाच हिशोब वेगळ्या पद्धतीने करते आणि त्यांच्याकडे तो कित्येक वर्षं 40 टक्क्यांच्या आसपास दिसतो. आणि तिथे विषयांमधली तफावत बघितली की सरासरीवर विश्वास ठेवायचा की नाही हेच कळत नाही, नर्सिंगवाल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आणि क्रिमिनल जस्टिस शिकलेल्यांत साधारण दोन तृतीयांश. त्यामुळे "पदवीधरांना नोकऱ्या नाहीत" किंवा "आहेत" अशा वाक्यांवरून स्वतःचा निर्णय घेऊ नका, आपल्या विषयाचं काय ते बघा.

मग नोकरीच माणसाला खाली ओढते का, की ती माणसंच वेगळी असतात? हे तपासायला एक छान पद्धत आहे. नन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 2013 मध्ये नुकत्याच पास झालेल्या काल्पनिक उमेदवारांचे हजारो बायोडाटा तयार करून खऱ्याखुऱ्या जाहिरातींना पाठवले. डोळ्यासमोर आणा, एचआरच्या स्क्रीनवर बायोडाटे आहेत, कॉलेज साधारण तेच, मार्क तेच. एकात शेवटच्या नोकरीनंतर तीन, सहा किंवा बारा महिने कोरे. दुसऱ्यात गॅप नाही पण सध्याची नोकरी अशी की बारावी पास माणूसही करू शकेल, दुकानात काउंटरवर वगैरे. तिसरा डिग्रीला साजेशा कामावर. आपण सगळे म्हणू की गॅपवाला मागे पडणार. निघालं असं की गॅपमुळे इंटरव्ह्यूच्या कॉलमध्ये फरक दिसला नाही, पण काउंटरवाल्याला साजेशा नोकरीवाल्याच्या तुलनेत 15 ते 30 टक्के कमी कॉल आले! बायोडाटा बनावट असल्यामुळे इथे "तो मुलगाच आळशी असेल" हे कारण शिल्लकच राहत नाही, कागदावर जे लिहिलंय तेवढ्यावरूनच मत बनलं. मला हा निष्कर्ष या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण गॅपची भीती घालूनच मुलांना वाटेल त्या कामाला जुंपलं जातं.

पण म्हणून निवांत बसायचं नाही, कारण उलटं सांगणारा तेवढाच दमदार अभ्यासही आहे. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो यांचा, 2013 सालचा, साधारण बारा हजार बायोडाटे, शंभरेक शहरं, आणि त्यात बेकारी जसजशी लांबते तसे कॉल घटत जातात, पहिल्या महिन्यात सात टक्क्यांच्या आसपास आणि आठव्यापर्यंत चारच्या आसपास, त्यानंतर फारसं काही बदलत नाही. दोन्ही अभ्यासांचं जुळवायचं कसं? मला वाटतं ज्या कामांसाठी आणि ज्या उमेदवारांसाठी ते केले ते वेगळे होते, आणि डिग्री असलेल्या नव्या मुलाला थोडी मोकळीक मिळते कारण नोकरी शोधायला वेळ लागतो हे समोरच्यालाही माहीत असतं. पण त्या मोकळिकीवर किती ताणायचं? मी सांगेन सहा ते आठ महिने. त्याच्यापुढे नुसतं थांबण्यात मला अर्थ दिसत नाही.

ब्रिटनमध्ये पूर्वी पदवीधरांचा सरकारी सर्व्हे पास झाल्यावर सहा महिन्यांनी व्हायचा, 2017-18 च्या बॅचपासून तो पंधरा महिन्यांवर नेला कारण सहा महिन्यांत खरं चित्र दिसतच नाही. अमेरिकेतली लॉ कॉलेजंही दहा महिन्यांनंतरचे आकडे जाहीर करतात. तुमच्या वर्गातल्या चार जणांनी महिन्याभरात जॉइन केल्याचे फोटो टाकले म्हणून तुम्ही मागे पडलात असं काही नसतं, हे मनापासून सांगतोय, कारण त्या घाईत चुकीच्या ठिकाणी सही केलेली बरीच मुलं मी बघितलीयत.

आता थांबायचं म्हणजे काय करायचं. रोज पन्नास ठिकाणी एकच बायोडाटा फेकणं म्हणजे थांबणं नाही. त्याच नन्ली गटाच्या दुसऱ्या पेपरमध्ये इंटर्नशिप असलेल्या बायोडाट्याला साधारण 14 टक्के जास्त कॉल आले, आणि गंमत म्हणजे बिझनेसच्या नोकऱ्यांसाठीसुद्धा बिझनेसची डिग्री असल्याचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे विषयाचं लेबल कमी आणि हाताने केलेलं काम जास्त चालतं. त्यामुळे थांबलेल्या महिन्यांत दाखवता येईल असं एक तरी काम उभं राहायला पाहिजे, एखादा पूर्ण झालेला प्रोजेक्ट, छोट्या संस्थेसाठी केलेलं पैसे मिळणारं काम, प्रोफेसरच्या हाताखालची असिस्टंटशिप, काहीही, पण त्यात तुमच्या फिल्डचं कौशल्य दिसलं पाहिजे आणि कुणीतरी फोनवर "हो, याने केलंय" असं सांगणारं पाहिजे.

थांबणं सगळ्यांना परवडत नाही हे मला पूर्ण मान्य आहे. लोनचे हप्ते सुरू झाले, घरात दुसरा कमावता नाही, तर अभ्यास काय म्हणतो याला अर्थ नाही, नोकरी घ्यायचीच. पण तेव्हाही "मिळेल ती" मध्ये निवड असते आणि ती लोक करत नाहीत. पगार सारखाच असलेल्या दोन कामांत ज्याच्या शेजारच्या टेबलावर तुमच्या फिल्डचं काम चालतं ते घ्या. माझ्या मावसबहिणीच्या मुलाने स्टॅटिस्टिक्स करून कस्टमर सपोर्टची नोकरी घेतली, सगळे हळहळले, पण त्याने तिथे पहिल्याच महिन्यात टीम लीडला विचारलं की आठवड्याच्या तक्रारींचा रिपोर्ट मी बनवू का, तो आधी हाताने बनायचा, कुणालाच आवडायचा नाही. त्याने तक्रारींचे प्रकार पाडले, कुठल्या दिवशी कुठल्या वाढतात त्याचा तक्ता केला, मग तो तक्ता मॅनेजरच्या मीटिंगला जायला लागला आणि वर्षभरात त्याला ॲनालिटिक्समध्ये घेतलं. बायोडाट्यावर त्याने "फोन घेतले" असं न लिहिता तक्त्यांबद्दल लिहिलं, आणि ते खरंच होतं. सगळ्यांचं असं होईल असं नाही, पण अशी जागा मिळायला ती कंपनी आत बदली देणारी हवी, त्यामुळे इंटरव्ह्यूतच विचारा की गेल्या वर्षभरात या टीममधून कोण कुठे गेलं.

आणि एकदा घेतली म्हणजे चिकटून राहायचं असंही नाही. टोपेल आणि वॉर्ड यांचा 1992 चा अभ्यास जुना आहे पण अजूनही सगळे त्याचा दाखला देतात, अमेरिकेतले तरुण पहिल्या दहा वर्षांत सरासरी सात नोकऱ्या करायचे आणि त्या काळातल्या पगारवाढीचा साधारण एक तृतीयांश भाग नोकरी बदलताना मिळायचा. म्हणून बॉण्ड असलेली ऑफर आणि लांबलचक नोटीस पिरियड यांकडे नीट बघा, विशेषतः काम तुमच्या लेव्हलचं नसेल तर, कारण तिथून निघणं हाच तुमचा मुख्य फायदा असतो आणि तोच तुम्ही आधी लिहून देताय.

मंदीत पास झालेल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण त्यांना फार अपराधी वाटतं. लिसा कान यांनी 1979 ते 1989 दरम्यान पास झालेल्या अमेरिकन मुलांचा अभ्यास केला, तेव्हा बेकारीचा दर एक टक्क्याने जास्त असेल तर सुरुवातीचा पगार सहा-सात टक्क्यांनी कमी आणि पंधरा वर्षांनीही थोडा फरक शिल्लक. कॅनडाच्या आकड्यांवरून ओरिओपोलस, फॉन वाख्टर आणि हाइस यांना जरा बरं चित्र दिसलं, नेहमीच्या मंदीत सुरुवातीला नऊ टक्क्यांच्या आसपास फटका, पाच वर्षांत तो निम्मा, दहा वर्षांत जवळपास संपला. संपला कसा, तर लोक हळूहळू चांगल्या कंपन्यांत सरकले म्हणून. जे पहिल्याच कंपनीत अडकले किंवा ज्यांच्या डिग्रीला मार्केटमध्ये भाव कमी होता त्यांना जास्त काळ भोगावं लागलं. त्यामुळे खराब वर्षात पहिली नोकरी कमी पगाराची मिळाली तर ती तुमच्या लायकीची पावती नव्हे, पण तीन वर्षांनी मार्केट सुधारल्यावरही तुम्ही तिथेच असाल तर मात्र हलायला हवं.

आता मास्टर्स. मंदीत ॲडमिशनची गर्दी वाढते हे नेहमीचंच, आणि त्यात एक हिशोब कुणी करत नाही, की फी सोडाच, दोन वर्षांचा न मिळालेला पगार आणि न मिळालेला अनुभव हीसुद्धा किंमत आहे. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजने 2020 मध्ये तपासलं की आधीचे मार्क, विषय, घरची परिस्थिती सारखी धरली तर पस्तिशीपर्यंत मास्टर्सचा पगारावर सरासरी परिणाम किती, तर उत्तर शून्याच्या आसपास आलं. ते सरासरी. काही विषयांत खूप फायदा आणि काहींत तोटा मिळून ते शून्य झालंय. म्हणजे मास्टर्स "चांगलं की वाईट" हा प्रश्नच चुकीचा आहे.

माझी कसोटी सोपी आहे. तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या वीस जाहिराती उघडा. त्यातल्या बहुतेकांत मास्टर्स सक्तीचं असेल, किंवा लायसन्ससाठी ते लागतच असेल, जसं बऱ्याच देशांत क्लिनिकल सायकॉलॉजीला लागतं, तर विचार कशाला, करा. जाहिरातींत "असल्यास प्राधान्य" एवढंच असेल तर आधी दोन वर्षं काम करून मग जा, तेव्हा कुठला विषय घ्यायचा हेही नीट कळलेलं असतं. आणि फक्त नोकरी मिळत नाही म्हणून जाणार असाल तर थांबा, कारण दोन वर्षांनी तोच शोध पुन्हा करायचाय, कदाचित जास्त लोन घेऊन. कोर्सचे प्लेसमेंटचे आकडे मागताना सर्वात मोठं पॅकेज सांगू देऊ नका, मधला पगार विचारा, बॅचमधले एकूण किती, त्यातल्या किती जणांची माहिती मिळाली आणि किती जणांना त्याच विषयाचं काम मिळालं ते विचारा. शंभरातल्या चाळीस जणांनीच फॉर्म भरला असेल तर "95 टक्के प्लेसमेंट" म्हणजे अडतीस मुलं झाली, बाकी साठ जणांचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही.

मग कुणी काय करावं? घरून सहा महिने तग धरता येत असेल आणि विषयाला थोडीफार मागणी असेल तर थांबा, काम दाखवत थांबा, आणि कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा जिच्यानंतर पर्याय रुंदावायचे. पैशाची निकड असेल तर शेजारच्या टेबलाचा नियम लावून नोकरी घ्या आणि पहिल्याच वर्षात शोध चालू ठेवा, आठवड्यातले तीन-चार तास फक्त त्याला, नाहीतर थकव्यात ते राहून जातं. विषयाला मागणीच कमी असेल तर तिन्ही पर्यायांच्या आधी एखादं जोडकौशल्य शिका आणि मग अर्ज करा. ऑफर हातात आली की सही करायच्या आधी तीनच गोष्टी लेखी मागा: पदाचं नेमकं नाव, रोजच्या कामाचं वर्णन आणि बाहेर पडायच्या अटी. पगारावर घासाघीस नंतर करता येते, पण बायोडाट्यावर पुढची दहा वर्षं ते पदाचं नाव आणि ते कामच दिसणार आहे.