उद्यमबागेतला ३० एचपी स्क्रू कॉम्प्रेसर आणि त्याचे फिल्टर : नऊ महिन्यांनंतर

खंडेनवमीला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शॉपमध्ये सगळ्या मशिनींना झेंडूचे हार पडतात, त्यांना दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरलाही. गेल्या दसऱ्याला पोरांनी हार नेमका सक्शनच्या, म्हणजे हवा आत ओढायच्या जाळीवर बांधला आणि दुसऱ्या दिवशी मशीन चालू होताच निम्म्या पाकळ्या आत. त्या काढायला कव्हर उघडलं म्हणून एअर फिल्टर नजरेस पडला, नाहीतर मी बघितलाच नसता. सर्व्हिसवाले पंधरा दिवसांपूर्वीच येऊन सही घेऊन गेले होते. एलिमेंटच्या, म्हणजे फिल्टरमधल्या गाळणकागदाच्या घड्या काळ्या भुकटीने अशा भरलेल्या की कागद आहे की पत्रा ते कळेना.

तेव्हापासून फिल्टरचं काम आम्हीच करतो. आता जुलै चाललाय, मीटरवर साधारण ३,१०० तास वाढलेत.

मशीन २२ किलोवॅटचं, फिक्स स्पीड, ७ किलो दाबाला १२५ सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट हवा) आसपास. त्यावर दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), तीन सीएनसी लेथ आणि हायड्रॉलिक पार्ट साफ करायच्या एअरगन, दोन पाळ्या. कंपनी सांगत नाही, कारण ऑईल भरलेल्या कुठल्याही स्क्रू मशीनमध्ये हीच मंडळी असतात : सक्शनचा एअर फिल्टर, ऑईल फिल्टर, हवेतलं ऑईल वेगळं करणारा सेपरेटर आणि बाहेर हवेतलं पाणी काढणाऱ्या ड्रायरच्या मागेपुढे लाईन फिल्टर.

पहिली चूक आमचीच होती. दर शनिवारी ऑपरेटर एलिमेंट काढून एअरगनने झाडायचा. सात किलोची हवा, दोन इंचांवरून, तीही बाहेरून आत. मला वाटायचं, पोरगं काळजीचं आहे. त्या दिवशी शेडमधला लाईट घालवला आणि मोबाईलचा टॉर्च एलिमेंटच्या आत घातला. घड्यांच्या टोकाशी तीन ठिकाणी सुईच्या अग्राएवढा लख्ख उजेड. गाळणीला भोक पडलं की चहाची पूड कपात येते, इथे शेजारच्या फाउंड्रीची (ओतशाळेची) रेती थेट ऑईलमध्ये. आता झाडणं बंद. अगदीच नाइलाज असेल तर दोन किलोच्या आत, लांबून, आतून बाहेर. धुणं तर नाहीच.

मॅन्युअलमध्ये सक्शन फिल्टर २,००० तासांनी बदला म्हटलंय. ज्याने ते लिहिलं तो उद्यमबागेत कधी आला नसावा. इथे भिंतीला भिंत लागून फाउंड्री आहे. एकाच्या फिल्टरचे २,००० तास आणि दुसऱ्याचे २,००० तास सारखे कसे होतील?

म्हणून मीटर सोडून पाण्याची नळी लावली. या नऊ महिन्यांत सर्वांत कामाची निघालेली वस्तू हीच. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी, मीटरभर उंच फळीवर यू आकारात खिळवलेली, निम्मी पाण्याने भरलेली, दिसावं म्हणून पाण्यात चिमूटभर कुंकू. एक टोक मोकळं, दुसरं एअर फिल्टर आणि इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) यांच्यामधल्या टॅपिंगला, म्हणजे नळी जोडायच्या भोकाला. माझ्या मशीनवर तिथे लाल होणारा इंडिकेटर होता, तो कधीचा तुटलेला, त्याचीच जागा वापरली. मशीन लोडला गेलं, म्हणजे हवा भरू लागलं, की फिल्टरमागे ओढ तयार होते आणि एका बाजूचं पाणी वर चढतं. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक पट्टीने मोजायचा. अनलोडला (मशीन हवा न भरता नुसतं फिरतं तेव्हा) पाणी परत खाली येतं, तेव्हाचा आकडा घेऊ नका.

टॅपिंग इनटेक व्हॉल्व्हच्या पलीकडे मात्र चुकूनही घेऊ नका. अनलोडला तिथे इतकी ओढ असते की नळीतलं सगळं पाणी मशीनच्या पोटात जाईल.

जुन्या फिल्टरवर फरक ५६० मिलिमीटर आला. नवा घातला, ११०. दर २५० मिलिमीटरला कॉम्प्रेसर साधारण दोन टक्के जास्त वीज खातो, असा ऊर्जा-बचतवाल्यांचा हिशोब आहे. म्हणजे माझ्याकडे साडेतीन टक्क्यांच्या आसपास, दिवसाला दहा-अकरा युनिट. प्रामाणिकपणे सांगतो, बिल बघून कुणी नाचावं असं हे नाही. सक्शन फिल्टर विजेसाठी नाही, एअरएंडसाठी, म्हणजे हवा दाबणाऱ्या स्क्रूंच्या भागासाठी सांभाळायचा. रेतीतली सिलिका बेअरिंगच्या लोखंडापेक्षा कडक असते.

नवा फिल्टर ९०० तासांतच ५०० वर गेला. मॅन्युअलच्या निम्माही नाही टिकला. मग त्यातली भुकटी एका कोऱ्या कागदावर झाडली आणि खालून लोहचुंबक फिरवला. निम्म्याहून जास्त भुकटी केसांसारखी उभी राहिली आणि चुंबकामागे चालू लागली. मोल्डिंगची रेती अशी उभी राहत नाही. ही ग्राइंडिंगची, समोरच्या फेटलिंगमधली (ओतलेले पार्ट घासून साफ करतात तिथली), आणि त्यांचं दार माझ्या सक्शनच्या बरोबर तोंडावर.

त्या फेटलिंगवाल्या काकांकडे गेलो. "काका, तुमचं ग्राइंडिंग माझ्या कॉम्प्रेसरच्या पोटात जाऊन बसतंय."

"मग शटर ओढून पोरांना आत कोंडू काय रे? तुझं तोंड फिरव की तिकडं."

बोलणं बरोबर होतं. सक्शनपुरती पत्र्याची डक्ट करून मागच्या भिंतीवर वर नेली, पावसासाठी तोंड खाली वळवलं, तोंडाशी धुता येणारी फोमची चादर. कुलिंगची हवा जुन्याच जाळीतून येते, तिला हात लावला नाही, नाहीतर मशीन तापून ट्रिप झालं असतं. पहिली डक्ट फारच अरुंद केली होती. नळीने लगेच चुगली केली, नवा फिल्टर असून ११० चे १७०. ती काढून दहा इंची घातली तेव्हा ११५ वर आलं. नळी नसती तर हे कळलं नसतं आणि डक्टवाल्याला मी चहा पाजून वर पैसे दिले असते. आता फिल्टर १,६०० तास जातो. ब्रँड बदलून जे झालं नसतं ते दिशा बदलून झालं.

सक्शनला मी लोकल एलिमेंट वापरतो, अस्सलच्या तिसऱ्या हिश्श्यात येतं. घेताना घड्या मोजतो, टॉर्च लावून बघतो, दोन्ही टोकांचं रबर दाबून बघतो. ऑईल फिल्टर मात्र अस्सलच. लोकलच्या गॅस्केटने आठवड्यात ऑईल पाझरलं, तो विषय तिथेच संपला.

सेपरेटरची गोष्ट वेगळी आणि महागाची. जानेवारीत एअरगनमधून ऑईल येऊ लागलं. पांढऱ्या टिश्यूवर फुंकलं की पिवळा ठिपका. बाहेरून टेक्निशियन बोलावला, तो दहा मिनिटांत म्हणाला सेपरेटर गेला. बदलला, चांगले पैसे मोजले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच ठिपका. मग आमच्या फिटरने बारक्या नळीकडे बोट दाखवलं. सेपरेटरच्या तळाशी साठलेलं ऑईल परत एअरएंडमध्ये नेणारी ही स्कॅव्हेंजची नळी, तिच्या काचेतून ऑईल सरकताना दिसायला हवं. काच कोरडी होती. नोझल उघडलं तर मिलिमीटरभराच्या भोकात कार्बनचा एक कण. तारेने नाही, हवेने उडवला, अर्ध्या तासात काचेतून ऑईल वाहू लागलं. ज्याच्यासाठी सेपरेटर बदलला तो रोग त्या कणाचा होता. तेव्हापासून नियम : ऑईल आलं की आधी नोझल, मग ऑईलची पातळी, सेपरेटर सर्वांत शेवटी. सेपरेटर खरंच चोंदला की त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरमधला फरक वाढतो. नव्याला तो पाव किलोच्या आसपास असतो, किलोकडे गेला की बदलायचा.

त्याच कामात आणखी एक गोष्ट थोडक्यात वाचली. नव्या सेपरेटरच्या गॅस्केटमध्ये स्टेपलरसारख्या पिना असतात. फिटर त्या पॅकिंगच्या समजून पक्कडने उपटत होता. त्या पिनांमुळे सेपरेटरमध्ये तयार होणारी स्थिर वीज टाकीच्या लोखंडात उतरते. त्या नसल्या तर ऑईलच्या धुक्यात ठिणगी पडू शकते. आणि झाकण उघडण्याआधी मेन बंद, कुलूप, काटा शून्यावर. माझ्या डोळ्यांनी काटा बघितल्याशिवाय बोल्टला पाना लागत नाही.

खरा पैसा लाईन फिल्टरमध्ये सापडला. मार्चमध्ये बैलहोंगलकडचा ऑपरेटर सांगत आला, "मालकर, गाळी कम्मी आगेद री." म्हणजे मालक, हवा कमी झालीय. व्हीएमसीवर लो एअर प्रेशरचा अलार्म, टूल अर्ध्यात अडकलेला. अशा वेळी आम्ही काय करायचो? कॉम्प्रेसरचं सेटिंग अर्धा किलो वाढवायचो. वर्षभरात सातचं आठ झालं होतं. टाकीवर आठ आणि मशीनपाशी साडेपाच, मध्ये ड्रायरनंतरचा बारीक फिल्टर गच्च. त्याच्या डोक्यावरचा काटा लालमध्ये होता, फक्त तो भिंतीकडे तोंड करून बसवलेला. एलिमेंट बदललं, सेटिंग परत सातवर. एका किलोला सहा-सात टक्के वीज धरली तर दिवसाला वीस युनिटच्या वर. सक्शनपेक्षा दुप्पट, आणि काम वीस मिनिटांचं. काटा आता पॅसेजकडे वळवलाय.

पावसाळ्याचं सांगायचं तर बेळगावचा जुलै म्हणजे हवेतच पाणी. या मशीनच्या मापाने भरलोडवर तासाला चार लिटरच्या आसपास पाणी निघतं, ऑटोड्रेनखाली (पाणी आपोआप सोडणाऱ्या झडपेखाली) बादली ठेवून मोजलंय, दोन पाळ्यांत तीन बादल्या भरतात. मागे ऑटोड्रेन गाळाने अडकला आणि पाणी थेट लेथच्या व्हॉल्व्हपर्यंत गेलं. आता सकाळी मशीन चालू करायच्या आधी ऑईल टाकीच्या खालचा कॉक जरासा उघडतो. रात्रभरात पाणी खाली बसलेलं असतं, आधी ते येतं, ऑईल दिसलं की बंद. जूनपासून फोमची चादर दर आठवड्याला धुवावी लागते. मोल्डिंगच्या धुळीतला बेंटोनाइट (रेतीत मिसळलेली चिकणमाती) दमट हवेत चिकट होतो, झटकून पडत नाही.

तक्रार एकच. नळीतलं कुंकू महिन्याभरात तळाला बसतं आणि पाणी उन्हाने उडतं, मग आकडा वाचायला चष्मा शोधावा लागतो. काकांनीही गेल्या महिन्यात तशीच नळी बसवली, कुंकवाऐवजी शाई टाकलीय. त्यांचा आकडा सोमवारी ४३० होता.