सिंक तुंबलं: पावडर टाकावी, पंप मारावा की ट्रॅप उघडावा?

सिंकमध्ये पाणी साचलं की बहुतेक घरांत पहिल्यांदा पावडरची पुडी फोडली जाते. मी हा क्रम उलटा लावते: आधी रबरी पंप, मग ट्रॅप (सिंकखालचा, गाळ अडकतो तो जोड), आणि पावडर सगळ्यात शेवटी.

त्या पावडरीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो तेला-तुपाचा साबण करतो, त्यामुळे ओशटपणानं पाणी हळूहळू उतरत असेल तर उपयोग होतो. पण चिंचोका, बाटलीचं झाकण किंवा चहाचा चोथा त्याला दाद देत नाही. पाणी पूर्ण थांबलेलं असताना पावडर टाकली, तर ती तळाशी दगडासारखी घट्ट बसू शकते. वर पाणी तापतं, आणि नंतर जो पाइप उघडेल त्याच्या हातावर तेच पाणी सांडतं. म्हणून पावडर टाकली असेल तर प्लंबरला दारातच सांगा. तिच्यावर ॲसिड तर कधीच ओतू नका.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकमेकांनाच मारतात. फेस येतो, चिकटा तसाच राहतो. उकळतं पाणीही नको. पीव्हीसीचे पाइप साधारण 60 अंशांपुढे मऊ पडायला लागतात.

रबरी पंप हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. पंपाचा रबर बुडेल इतकं पाणी सिंकमध्ये असू द्या. जोडसिंक असेल तर दुसऱ्याची जाळी ओल्या फडक्यानं दाबून धरा, बेसिन असेल तर वरचं ओव्हरफ्लोचं भोक बुजवा. नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो. पंधरा-वीस दणके दिले तरी पाणी हलत नसेल तर थांबा.

आता ट्रॅप. लोक याला उगाच घाबरतात. खाली बादली ठेवा आणि बॉटल ट्रॅपची तळाची वाटी हातानं फिरवा. घट्ट असेल तर फडकं गुंडाळून फिरवा. आमच्याकडे परवा ती वाटी उघडली, तर काठोकाठ राखाडी, लोण्यासारखा थर होता. त्यात भाताची शितं, मोहरी आणि घासणीच्या तारा रुतलेल्या. कुठल्या पावडरीनं त्या तारा निघाल्या असत्या? जुन्या टूथब्रशनं आतली नळीही घासा. वाटी परत लावताना रबरी रिंग आपल्या खाचेत बसली आहे ना, ते बोट फिरवून बघा. हातानंच आवळा, पान्यानं पिळलं की प्लास्टिकचे आटे जातात. मग सिंक भरून पाणी एकदम सोडून द्या आणि खाली कोरडा पेपर धरा. ओला डाग पडला तर रिंग वाकडी बसली आहे.

ट्रॅपऐवजी वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप असेल तर जाळीखालचा नट सोडवून तो अख्खा काढा आणि बाहेर नेऊन धुवा. ओशटपणा त्या वळ्यांतच अडकतो. पाइप कडक झाला असेल तर नवाच घ्या, घासण्यात वेळ घालवू नका.

सिंकचं पाणी मोरीच्या जाळीतून वर येत असेल तर यातलं काहीच करू नका. बोळा पुढच्या लाइनीत आहे, आणि तिथे लांब स्प्रिंग घालणारा प्लंबरच लागतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी खालच्या मजल्यावर विचारा. त्यांच्याकडेही तुंबलं असेल तर ते काम सोसायटीचं आहे.