एक बादली पाणी, दोन झाकणं ‘ड्राय क्लीन’: या बाटलीपासून सावध राहा

लग्नसराईच्या तोंडावर भरणाऱ्या प्रदर्शनांत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत एक बाटली हमखास दिसते. ‘घरच्या घरी ड्राय क्लीन! पैठणी, शालू, ब्लेझर, शेरवानी, काहीही!’ मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कृती असते : एक बादली पाण्यात दोन झाकणं औषध, वीस मिनिटं भिजवा, हलक्या हाताने खळबळा, सावलीत वाळवा. घेणाऱ्याने ही कृती आधी वाचली तर पैसे तिथेच वाचतात, पण ती वाचली जाते घरी आल्यावर.

ड्राय क्लीनिंगमध्ये कपडा ओला होतो, फक्त पाण्याने नाही. मशीनमध्ये पर्क (परक्लोरोएथिलीन) किंवा एमटीओसारखा (मिनरल टर्पेंटाइन ऑइल) पेट्रोलियमपासून काढलेला द्रव असतो. रेशीम आणि लोकर पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आक्रसतात. हे द्रव तंतू तसे फुगवत नाहीत. ते तेलकट मळ विरघळवतात आणि नंतर वाऱ्या-उष्णतेने काढून टाकता येतात. बादलीभर पाण्यात सहज मिसळून फेस करणारं औषध म्हणजे वास घातलेला लिक्विड साबण. तो वाईटच असतो असं नाही. साध्या लोकरी स्वेटरला चालून जाईल. फसवणूक आहे ती त्याला ड्राय क्लीन म्हणून ब्लेझरसाठी विकण्यात.

स्टॉलवरचा प्रयोग मात्र डोळ्यांना पटतो. पांढऱ्या कापडावर तपकिरी औषधाचा थेंब टाकतात, वर बाटलीतले दोन थेंब, आणि डाग क्षणात नाहीसा. तो तपकिरी थेंब बहुतेक वेळा जखमेवर लावायच्या आयोडीनचा असतो. फोटो धुणारे पूर्वी जो हायपो नावाचा क्षार वापरायचे, तो बाटलीत घातलेला असला की आयोडीनचा रंग असाच उडतो. शाळेच्या प्रयोगशाळेतली ही जुनी क्रिया आहे आणि कपड्याच्या मळाशी तिचा काही संबंध नाही. चहाचा वाळलेला डाग, पदराला लागलेलं केसांचं तेल, कॉलरवरचा घाम यांतलं काहीही हायपोने निघत नाही. शिवाय प्रयोगाचं कापड बऱ्याचदा पॉलिस्टरचं असतं, आणि त्यात पाण्यातला डाग फारसा मुरतच नाही. विक्रेत्याची परीक्षा घ्यायची असेल तर घरून रेशमी ब्लाउजपीसचा तुकडा न्या. त्यावर आठवडाभर जुना तेलाचा डाग असू द्या.

‘लेबलवर ओन्ली ड्राय क्लीन लिहिलंय ना? मग हेच घ्या!’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लेबलवरची खूण नीट पाहा. नुसतं वर्तुळ म्हणजे ड्राय क्लीन. आत पी असेल तर पर्कसुद्धा चालतं, एफ असेल तर फक्त पेट्रोलियम द्रव. डब्ल्यू म्हणजे पाण्यातली व्यावसायिक धुलाई, आणि तीही नेमून दिलेल्या मशीनवर. पाण्याच्या टबाच्या चित्रावर फुली असेल तर कपडा घरी पाण्यात घालायचा नाही, औषध कोणाचंही असो.

नुकसान सर्वांत जास्त होतं ब्लेझरचं. तयार ब्लेझरच्या पुढच्या भागाला आतून पेस्टिंग केलेलं असतं, म्हणजे गोंदाचे बारीक ठिपके असलेलं कापड गरम दाबाने वरच्या कापडाला चिकटवलेलं असतं. बादलीत वरची लोकर एका मापाने आक्रसते आणि आतलं कापड दुसऱ्या. दोघांच्या ओढाताणीत गोंद जागोजागी सुटतो आणि छातीवर, लॅपलवर (कॉलरखालच्या दुमडलेल्या पट्टीवर) फुगे येतात. इस्त्रीने ते तासाभरापुरते बसतात, पुन्हा वर येतात. खांद्याचे पॅड पाणी धरून ठेवतात. बाहेरून कोट वाळला तरी आत ओल राहते, पॅडचा गोळा होतो, आणि अस्तरावर पिवळट कडा उमटते. अस्तर व्हिस्कोसचं असेल तर ते आखडून खालची घडी वर खेचतं. त्यात ओला कोट हॅंगरला लटकवला, तर पाण्याच्या वजनाने खांदे उतरतात ते वेगळंच. शिंपी यातलं फार थोडं दुरुस्त करू शकतो. पेस्टिंग बदलायचं म्हणजे कोट जवळजवळ पुन्हा शिवणं.

पैठणीत घात होतो काठाला. अंगाचा रंग एक, काठ-पदराचा दुसरा, आणि गडद रंग पाण्यात सुटला की फिकट भागावर चढतो. ‘मिठाच्या पाण्यात रंग पक्का होतो’ हा समज रंगापेक्षा जास्त पक्का झालेला आहे. सुटणारा रंग मीठ घालूनही सुटतो. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : फॉल बहुतेक वेळा सुती असतो. तो न भिजवता लावला असेल तर पहिल्याच पाण्यात आक्रसतो आणि सगळा काठ चुण्या पडल्यासारखा गोळा होतो. असं झालं तर फॉल उसवा, साडी बिघडलेली नसते. जरीत तांब्याची तार असेल, तर वरचा मुलामा झिजल्यावर ओल आणि घामाने ती काळपट किंवा हिरवट पडते. मग तोच विक्रेता ‘जरी पॉलिश’ची दुसरी बाटली काढतो.

दुसरा प्रकार याहून धोक्याचा. लेबल नसलेल्या बाटलीतला, पेट्रोलचा वास येणारा द्रव ‘खरं ड्राय क्लीन’ म्हणून विकला जातो. तो एमटीओ, थिनर, काहीही असू शकतो. एमटीओची वाफ सुमारे ३० ते ४० अंशांच्या पुढे पेट घेऊ शकते, थिनरची बहुतेक वेळा त्याआधीच, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात खोलीचंच तापमान तेवढं असतं. ही वाफ हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत सरकत जाते. स्वयंपाकघरातली शेगडी किंवा देवघरातली समई तिला पुरते. असली बाटली घरात आणूच नका.

घरी सुरक्षित करता येण्याजोगं थोडंच आहे, पण ते उपयोगी आहे. ब्लेझर रुंद खांद्याच्या हॅंगरवर रात्रभर वाऱ्याला ठेवा, मऊ ब्रशने वरून खाली झाडा. ताज्या तेलाच्या डागावर टाल्कम पावडर चार-पाच तास ठेवून झटका. काखेतल्या अस्तरासाठी १ लिटर थंड पाण्यात ५ मिली न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) लिक्विड साबण घ्या. त्यात बुडवलेलं पांढरं फडकं घट्ट पिळून त्याने अस्तर टिपत जा, घासू नका. मग साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपून पंख्याखाली वाळवा. आधी आतल्या शिवणीवर ओला पांढरा सुती कपडा पाच मिनिटं दाबून पाहा. रंग उमटला तर तिथेच थांबा. नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, त्यातल्या ॲसिटोनने ॲसिटेटचं अस्तर विरघळतं. पैठणी नेसून झाल्यावर पसरून घाम वाळू द्या आणि मलमलीत गुंडाळा. दर काही महिन्यांनी घडी बदला. जरीवर अत्तर नको आणि डांबराच्या गोळ्या तिला चिकटून नकोत.

फसलाच असाल तर बाटली फेकू नका. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा माप, एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि ग्राहक संपर्क असणं कायद्याने बंधनकारक आहे. या बाटल्यांवर यातलं काहीतरी बऱ्याचदा गहाळ असतं, आणि तक्रारीत तेच सर्वांत सोपं सिद्ध होतं. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पावती किंवा यूपीआयची नोंद आणि बिघडलेल्या कपड्याचे दिवसाउजेडी काढलेले फोटो एकत्र ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो. ग्राहक आयोगात दाद मागायची असेल तर मुदत दोन वर्षांची आहे. मागणी बाटलीच्या किमतीपुरती ठेवू नका, बिघडलेल्या कपड्याची भरपाईही मागा आणि त्यासाठी कपड्याचं मूळ बिल शोधून ठेवा.