पावसाळ्यात हॉल द्यायचा तर कशाच्या भरवशावर: फोन, करार की आदेश?

27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी सुटले आणि त्यांना आधी नेलं ते एका मंगल कार्यालयात. ठाण्यात किंवा नवी मुंबईत तुमच्या ताब्यात हॉल असेल, तर ही वेळ तुमच्यावरही येऊ शकते. शेजारची अतिधोकादायक इमारत रात्रीत रिकामी होते आणि नगरसेवकाचा फोन येतो, ‘हॉल उघडा.’ भिजत उभ्या माणसांना नाही कोण म्हणणार? पण आत कुणी ओल्या जिन्यावरून पडलं, तर नोटीस कुणाच्या नावावर निघेल?

नुसत्या फोनवर हॉल दिला असेल तर तुमच्या. भाडं घेतलं नाही म्हणून मालकाची जबाबदारी सुटत नाही. सोसायटीचा हॉल असेल तर कमिटीच्या निर्णयाला कमिटीचे सदस्य सामूहिकरीत्या आणि व्यक्तिशः बांधील असतात. ‘गुड समॅरिटन’, म्हणजे निःस्वार्थ मदत करणाऱ्याला, संरक्षण आहे असं कुणीतरी हमखास सांगतं. ते मोटार वाहन कायद्यातलं, रस्ते अपघातापुरतं. अमेरिकेत अनेक राज्यांनी फुकट आसरा देणाऱ्या जागामालकाला कायद्यानेच कवच दिलंय. आपल्या 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात तसं स्वतंत्र कलम नाही.

त्या कायद्यात आहे ते कलम 65. जिल्हा प्राधिकरण, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी, लेखी आदेशाने तुमची जागा अधिग्रहित करू शकतो. कलम 66 प्रमाणे तिथल्या भाड्याच्या हिशेबाने मोबदला मिळतो. रक्कम पटली नाही तर 30 दिवसांत लवादाची मागणी करता येते. शासनाच्या वतीने सद्भावनेने काम करणाऱ्याला कलम 73 चं संरक्षण आहे, आणि हातात आदेश असला तर ‘आम्ही त्यांच्या वतीने केलं’ हे म्हणणं मांडायला आधार मिळतो. मंगल कार्यालयवाल्यांना मला हाच मार्ग बरा वाटतो, कारण जूनमधल्या मुहूर्ताचं बुकिंग रद्द करताना वधूपित्यासमोर ठेवायला कागद लागतो. उणं एवढंच, कलम 66 भाड्याचं बोलतं, फुटलेल्या कमोडचं नाही. चावी देण्याआधी पंचनामा आणि व्हिडिओ करून ठेवा. विनाकारण आदेश धुडकावला तर कलम 51 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

खारघर-कामोठेकरांनो, पत्त्यात नवी मुंबई लिहीत असलात तरी जिल्हा तुमचा रायगड. तुमचा आदेश अलिबागहून येईल, ठाण्याहून नाही.

सोसायटीच्या हॉलसाठी मात्र मी पावसाळ्याआधीच्या कराराच्या बाजूने आहे. आसऱ्याच्या इमारती आधीच हेरून ठेवणं हे कलम 30 प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचंच काम आहे, तेव्हा तुम्ही आपणहून गेलात तर कुणाकडे उपकार मागत नाही. आधी सभेत ठराव करा, मग प्रभाग कार्यालयात जा. किती माणसं, कोणत्या खोल्या, रात्री महिला पोलीस कोण, संडास कोण साफ करणार, नुकसान कोण भरणार, आणि कुणी दावा लावला तर खर्च कुणाचा, हे सगळं लिहून घ्या. शेवटच्या मुद्द्यावर सही मिळायला फेऱ्या माराव्या लागतील. तेवढ्यात विमा कंपनीलाही लेखी विचारा, कारण वाढदिवसाच्या हॉलचा विमा रात्रभर झोपलेल्या माणसांना चालेलच असं नाही.

आगीच्या बाबतीत मात्र यातला कुठलाच कागद कामाला येत नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत (1997) 59 माणसं गेली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा 85 टक्के भार चित्रपटगृह चालवणाऱ्यांवर टाकला. आपल्या बऱ्याच हॉलमध्ये स्टेजमागचा डीबी (विजेचा डिस्ट्रिब्युशन बोर्ड) उघडा असतो आणि मागच्या दाराला डेकोरेशनचं सामान टेकवून वर साखळी लावलेली असते. राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत द्यायचा ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, तुमच्याकडे नसेल, तर करार-आदेशाची चर्चा नंतर.

आणि कागद काहीच नसताना पाणी चढलं तर? दार उघडा. अधिकाऱ्याकडून नाव, हुद्दा आणि वेळ असलेला व्हॉट्सअॅप मेसेज मागून घ्या, येणाऱ्यांची वहीत नोंद करा. ‘आपल्या जबाबदारीवर राहत आहे’ अशी सही घेऊ नका. निष्काळजीपणा तिने धुऊन निघत नाही. आणि कुणाचे दागिने कपाटात ठेवून घेऊ नका. एकदा ताब्यात घेतले की ते सांभाळणं करार कायद्याने तुमच्या गळ्यात पडतं.