मोतीबिंदूनंतरची रजा : जळगावातील एका नेत्ररुग्णालयाचा अनुभव

जळगावातील ज्या नेत्ररुग्णालयात मी फेको (छोट्या छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याच्या) पद्धतीने मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली, तेथे मला सर्वांत मोलाचे वाटले ते शस्त्रक्रियेनंतरचे मार्गदर्शन. मी कापसाच्या जिनिंग कारखान्यात हिशेबनीस आहे हे कळताच डॉक्टरांनी कामाच्या जागेची बारकाईने चौकशी केली. घरी बसून थोडे लिहिण्या-वाचण्यास आठवडाभरानंतर हरकत नाही, परंतु सरकीपासून रुई वेगळी होताना उडणारे बारीक तंतू आणि धूळ ताज्या जखमेला घातक ठरू शकतात, म्हणून महिनाभर आवारात पाऊल टाकू नये, असे त्यांनी निक्षून सांगितले. वैद्यकीय प्रमाणपत्रातही त्यांनी नुसते ‘विश्रांती आवश्यक’ असे न लिहिता हे कारण स्पष्ट नमूद केले, त्यामुळे ऐन कापसाच्या हंगामातही शेठजींनी रजा विनातक्रार मंजूर केली. परिचारिकेने तर खालची पापणी हलकेच ओढून, बाटलीचे टोक डोळ्याला लागू न देता थेंब कसा सोडावा, हे माझ्या पत्नीकडून समोर करवून घेतले. प्रमाणपत्राच्या खिडकीवर मात्र फार वेळ ताटकळावे लागते, आणि चोपडा-यावलकडून एसटीने आलेल्या वृद्धांना ते खरोखर सोसवत नाही. तेवढी व्यवस्था रुग्णालयाने तातडीने सुधारावी.