पोर्ट्रेटसाठी १५ हजार: लेन्स घेऊ, फ्लॅश घेऊ, का नुसती खिडकी उघडू?

मावसभावाचा मेसेज आला परवा, दादा कॅमेरा आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे, १५ हजार बाजूला काढलेत, ताईचे स्थळांना पाठवायला फोटो काढायचेत आणि घरात दीड वर्षाचं पोरगं आहे त्याचेपण, तर ५० एमएम घेऊ का फ्लॅश घेऊ का ते व्हिडिओवाले वापरतात तसली एलईडी घेऊ. हा प्रश्न इतके जण विचारतात की म्हटलं एकदाच लिहून टाकू. आणि मी काही शहाणा नाही हां, मी हे सगळं उलट्या क्रमाने केलंय, आधी लेन्स, मग एलईडी, मग फ्लॅश, आणि माणसाला खिडकीशी कसं बसवायचं ते सगळ्यात शेवटी कळलं. म्हणजे जे फुकट होतं ते शेवटी.

आधी लेन्स, कारण सगळ्यांचा जीव तिच्यातच अडकलेला असतो. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली ती १८-५५, ५५ ला नेली की तिचं तोंड एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं). ५० एमएमची साधी स्वस्त लेन्स एफ १.८ ला उघडते, म्हणजे सव्वातीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), साधारण नऊ-दहा पट उजेड आत येतो. जिथे किटला आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, फार वाढला की फोटोत दाणे येतात) ३२०० लागत होता तिथे ३२०-४०० मध्ये भागतं. संध्याकाळी घरात फोटो काढणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी दिसतो, त्यामुळे लेन्सला नावं ठेवणार नाही मी. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे साध्या कॅमेऱ्यांतल्या लहान सेन्सरवर, ती ७५-८० एमएमसारखी दिसते, तेही चेहऱ्याला बरंच असतं.

पण लेन्स आली की माणूस पहिला आठवडा सगळं एफ १.८ वरच काढतो, मीही काढलं. दीड मीटरवरून क्रॉप बॉडीवर (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) एफ १.८ ला फोकसमध्ये असतं किती, तर पुढचं मागचं धरून सहा-साडेसहा सेंटिमीटर. चेहरा जरा तिरका असला की एक डोळा टोकदार आणि दुसरा साबणाच्या पाण्यात. एफ २.८ ला तेच दहाच्या आसपास होतं, एफ ४ ला चौदा. म्हणून एकट्या माणसाला २.८, दोघं असतील तर ४, आणि १.८ ठेवायचा उजेड खरंच संपल्यावर. फोकसचा ठिपका एकच निवडायचा आणि तो कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर, कॅमेऱ्याला स्वतः ठरवू दिलं तर तो नथ पकडेल नाहीतर केस.

आणि मुख्य गोष्ट, लेन्स उजेड जास्त घेते पण उजेड बदलत नाही. डोक्यावर ट्यूबलाइट असेल तर डोळ्यांखाली खड्डे पडणारच, ५० एमएमने मागचं कपाट छान धूसर होईल आणि खड्डे तिथेच राहतील.

आता खिडकी. यावर जरा जास्त लिहितो कारण इथेच पैसे वाचतात. माणूस खिडकीपासून हातभर ते दीड हात अंतरावर, खिडकी त्याच्या एका बाजूला पण जराशी पुढे, म्हणजे उजेड तिरका पडला पाहिजे. डोळ्यात खिडकीचा पांढरा ठिपका दिसला की समजायचं जागा जमली, नाही दिसला तर हनुवटी थोडी खिडकीकडे वळवायला सांगायची. माणूस खिडकीच्या जितका जवळ तितका मागच्या भिंतीवर उजेड त्या मानाने कमी, त्यामुळे मागचा पसारा आपोआप अंधारात जातो, धूसर करायची गरजसुद्धा उरत नाही. घरातले दिवे सगळे बंद, हे मस्ट आहे, कारण पिवळा बल्ब २७००-३००० केल्व्हिनचा (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा वाढेल तसा उजेड निळसर) आणि बाहेरचा उजेड ५५०० च्या वर, अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळा येतो आणि नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट होत नाही. दुसऱ्या बाजूला सावली फार काळी पडत असेल तर टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल उभं करायचं, झाला रिफ्लेक्टर.

आपल्याकडच्या घरांच्या दोन भानगडी कुठल्या ट्युटोरियलमध्ये सापडत नाहीत. एक म्हणजे गज. थेट ऊन आलं की चेहऱ्यावर तुरुंगासारख्या पट्ट्या, त्याला खिडकीवर पातळ पांढरा पंचा टांगायचा, पट्ट्या जातात आणि अख्खी खिडकी सॉफ्टबॉक्स, म्हणजे लाइटवर लावतात तसली मऊ उजेडाची पेटी, होते. दुसरी म्हणजे भिंतीचा रंग, जुन्या घरात तो हिरवा नाहीतर पोपटी ऑइल पेंट असतो ना, तो गालावर उतरतो आणि माणूस आजारी दिसतो, त्या भिंतीपासून लांब बसवा किंवा मध्ये पांढरी चादर धरा.

आणि ते "उत्तरेची खिडकी सगळ्यात भारी, तिथे थेट ऊन येतच नाही" हे वाक्य. ते युरोप-अमेरिकेतून आलंय आणि तिथे ते बऱ्यापैकी खरं आहे. आपण कर्कवृत्ताच्या खाली. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य दुपारीसुद्धा जरा उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन उत्तरेच्या खिडकीतून सरळ आत येतं. मी मे महिन्यात उत्तरेच्या खोलीत सगळा सेटअप लावून बसलो होतो आणि सकाळी आठला भाचीच्या नाकावर कवडसा. बाकी वर्षभर खिडकी उत्तम, पावसाळ्यात तर ढगांमुळे कुठलीही दिशा चालते.

खिडकीशी सेटिंग काय ठेवायचं तर ॲपर्चर प्रायोरिटी (लेन्सचं तोंड आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) किंवा मॅन्युअल, किट असेल तर ५५ एमएम एफ ५.६ आणि ५० असेल तर २.८, शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत येतो ते, मोठ्या माणसाला सेकंदाच्या १/१२५ पेक्षा हळू नको आणि पोराला १/२५० तरी पाहिजेच, आयएसओ ऑटो पण वरची मर्यादा ३२००. व्हाइट बॅलन्स (कॅमेरा उजेडाचा रंग काय धरतो ते) ऑटोवर सोडू नका, क्लाउडी लावून टाका म्हणजे सगळे फोटो एका रंगाचे येतात. रॉ मध्ये काढा, म्हणजे नंतर रंग-उजेड सुधारायला वाव राहील अशी फाइल. किट लेन्स १८ ला ठेवून तोंडाजवळ जाऊ नका, नाक मोठं येतं, आणि हे खरं तर लेन्समुळे नाही, तुम्ही जवळ गेल्यामुळे होतं, दीड-दोन मीटर लांब उभं राहून झूम करा.

मीटरचं, म्हणजे कॅमेरा उजेड मोजतो त्याचं, एक सांगायचं राहिलं. कॅमेरा जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं धरून मोजतो, मागे पांढरी भिंत असली की तो सगळं गडद करतो आणि सावळा चेहरा आणखी काळवंडतो, मग घरचे म्हणतात कॅमेराच बेकार आहे. प्लस २/३ नाहीतर प्लस १ कॉम्पेन्सेशन द्या, म्हणजे मुद्दाम तेवढे स्टॉप उजळ काढायला सांगा, संपलं. मागे गडद पडदा असेल तर उलट, मायनस. पण गालावरचा तेज भाग पांढरा फटक होईपर्यंत वाढवू नका. स्थळाचा फोटो आहे तर जरा गोरं करून दे असं सांगणारी एक तरी मावशी भेटतेच, मी सरळ नाही म्हणतो, प्रत्यक्ष भेटायला येणार आहेत ना ते.

मग खिडकी कुठे कमी पडते? रात्री. आणि जिथे खिडकीच वाईट आहे तिथे, समोर दुसरी बिल्डिंग वगैरे. तिथे एलईडी का फ्लॅश, आणि इथे लोक हमखास चुकतात कारण एलईडी सोपी वाटते. सोपी आहेच, जे दिसतं तेच फोटोत येतं, सावली कुठे पडते ते बघत बघत लाइट सरकवता येतो, शिकायला यासारखं काही नाही, आणि रील-व्हिडिओ करणार असाल तर पुढचं वाचूच नका, एलईडीच घ्या. पण ताकद नसते हो. माझ्याकडे ६० वॉटची आहे, सॉफ्टबॉक्स लावून दीड मीटरवर ठेवली तर एफ २.८ आणि १/१२५ ला आयएसओ ४०० ते ८०० लागतोच. समोरचा माणूस सतत प्रखर उजेडात बसलेला असतो, दहा मिनिटांत डोळे बारीक करायला लागतो, घाम येतो तो वेगळा. अगदी स्वस्त लाइटमध्ये कातडी हिरवट येते, खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० पैकी) ९५ च्या वर लिहिलेला बघून घ्या. रिंग लाइट मी यात धरतच नाही, चष्म्यात दोन बांगड्या दिसतात.

फ्लॅश याच्या उलट. आधी काहीच दिसत नाही, फोटो काढल्यावरच कळतं, त्यामुळे सुरुवातीचे दोन-तीन दिवस वैताग येतो. पण तेच फोटोवाल्यांची छत्री (उजेड पसरवून मऊ करणारी) लावून दीड मीटरवर ठेवलं की एफ ५.६, आयएसओ २०० ला तो १/८ नाहीतर १/४ पॉवरवर आरामात काम करतो, म्हणजे किट लेन्ससुद्धा चालते, हे लक्षात घ्या, फ्लॅश आला की एफ १.८ ची निम्मी गरज संपते. कमी पॉवरवर झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा असतो, हललेलं पोरगंसुद्धा स्थिर येतं. गणित एकदा डोक्यात बसलं की झालं: फ्लॅशचा उजेड ॲपर्चर आणि आयएसओ ठरवतात, शटर फक्त खोलीतला बाकीचा उजेड ठरवतं. शटर १/१६० ठेवा, बऱ्याच साध्या बॉडींची सिंकची हद्द, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारं सगळ्यात वेगवान शटर, १/२०० असते आणि त्याच्या पुढे गेलात की फोटोत काळा पट्टा. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढायचा, तो जवळजवळ काळा आला पाहिजे, मग फ्लॅश चालू. लाइट दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा नाही, चौथाई होतो, म्हणून जवळच ठेवा. चष्मेवाल्यांना लाइट जरा वर चढवा.

कॅमेऱ्यावर लावून समोर तोंड करून मारलेला फ्लॅश मात्र सगळ्यात वाईट, भिंतीवर काळी सावली आणि कपाळावर तेलकट चमक. छत्री-स्टँडचा व्याप नको असेल तर फ्लॅशचं डोकं वर करून पांढऱ्या छतावर मारा, पोराच्या फोटोंना तेवढं पुरतं. गच्चीवर छत्री नेणार असाल तर कोणीतरी धरायला लागतं, माझी एक शेजारच्या टाकीवर गेलीय.

घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. कॅननच्या २०० डी टू सारख्या काही बॉडींच्या हॉट-शूला (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश लावायची जागा) मधली पिनच नाही, त्यावर साधा एका पिनचा मॅन्युअल फ्लॅश किंवा ट्रिगर (लांब ठेवलेल्या फ्लॅशला बिनतारी इशारा देणारा) पेटतच नाही, दुकानात आपली बॉडी घेऊन जा आणि लावून बघा. निकॉनच्या डी ३५००, डी ५६०० मध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे सेकंडहँड ५० एमएम १.८ डी स्वस्तात मिळतेय म्हणून उचलू नका, हाताने फोकस करत बसाल, १.८ जी वाली घ्या, तिच्या आतच मोटर असते.

भावाला काय सांगितलं ते सांगतो. नवीन ५० एमएम आणि साधा मॅन्युअल फ्लॅश, ट्रिगर, स्टँड, छत्री हे दोन्ही १५ हजारांत बसत नाही, म्हणजे १५ मध्ये एकच. नुसत्या पोरासाठी असतं तर लेन्स म्हणालो असतो, दीड वर्षाचं पोर छत्रीसमोर बसत नाही आणि दरवेळी छतावर फ्लॅश मारायचा कंटाळा येतो. पुढेमागे लोकांचे फोटो काढून द्यायचे असतील, ऑफिसचे प्रोफाइल, डोहाळजेवण असलं काही, तर डोळे झाकून फ्लॅश, लेन्स नंतर. आणि ताईच्या फोटोंसाठी तू काहीच घेऊ नकोस, रविवारी सकाळी बेडरूमची खिडकी, पंचा आणि थर्माकोल, एवढंच.

काढले त्याने, किट लेन्सवरच, एफ ५.६, आयएसओ ८००. तीन फोटो पाठवले, दोन खरंच चांगले आहेत, तिसऱ्यात सावलीची बाजू काळी पडलीय कारण तोवर पोराने थर्माकोलचे गोळे करून तोंडात घालायला सुरुवात केली होती. पांढरं कार्डशीट आण म्हटलं. १५ हजार अजून तसेच आहेत.